चामराजपेटेतलं निझवा

स्वानंदीनं प्लास्टिकचा कागद ओढला आणि ती दोन पावलं मागंच सरकली.

खपून खपून तिनं चामराजपेटेतल्या घराच्या अंगणात दिवाळीचा किल्ला केला होता. रायगड नव्हे, सिंहगड नव्हे, थेट ओमानमधला निझवाचा किल्ला! रंगाच्या जुन्या डब्यावर माती लिंपून केलेला भलाथोरला गोल बुरूज, भाजल्या भाकरीच्या रंगाचा. भोवती चाळलेल्या वाळूचं वाळवंट. मग पावसाची भुरभुर लागली म्हणून वर कागद टाकला, तो आज काढला. तर बुरुजाला तळापासून टोकापर्यंत हिरवीगार दाढी!

"आई गं!"

तिची आई हेमलता हातात झारा घेऊन बाहेर आली आणि तिथंच नाचायची बाकी राहिली. "अय्या, काय सुरेख उगवलेत अळीव!"

"तू पेरलेस?"

"मग? किल्ला म्हटला की अळीव आलेच. तू विसरलीस, म्हटलं आपणच टाकावेत. पाणीसुद्धा शिंपडलं."

स्वानंदीचं डोकं चकलीच्या कढईसारखं तापलं. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण दारात कॉफीचा लोटा घेऊन बाबा उभे होते.

"ओरडलीस?" बाबांनी विचारलं.

"नाही. हाक मारली."

"बरं."

हे बाबा म्हणजे चंद्रकांत, सरकारी कारखान्यात इंजिनीयर. कुठलंही यंत्र तपासल्याशिवाय पास करायचं नाही, ही तिथली सवय घरातही. स्वानंदीची स्मिता मावशी मस्कतला असते, पाहुण्यांना गाडीत घालून निझवाची एका दिवसाची सहल घडवते. मागं स्वानंदी तिच्याकडं गेली होती, एकदा सहलीलाही गेली, आणि तिथून जी वेडी होऊन आली ती आलीच. शाळेला तर तिनं केव्हाच रामराम ठोकलेला. मावशी म्हणाली, आता अठरा पूर्ण झालीत, ये, माझ्या हाताखाली शीक. बाबा म्हणाले, "गाइडला डोकं थंड लागतं. तुझा तर कुकर. पाडव्याला अख्ख्या गल्लीला तुझं निझवा दाखव, शेवटपर्यंत. एकावर जरी ओरडलीस तर मस्कत विसरायचं आणि शाळेच्या राहिलेल्या परीक्षेला बसायचं."

आणि आज पाडवा. गल्ली फाटकातून आत येतही होती.

"चला, बसा गाडीत!" स्वानंदीनं टाळ्या वाजवल्या. पोरं पायरीवर दाटीवाटीनं बसली. शेजारच्या कस्तुराबाईंना खुर्ची मिळाली. "मस्कत सोडलंय. दोन्हीकडं नुसते उघडेबोडके डोंगर. झाड म्हणून नाही. एसी फुल्ल. मावशी गाडी चालवतेय आणि आपण धपाटे खातोय."

"तिकडं शाकाहारी मिळतं का गं?" कस्तुराबाई.

"मिळतं, आजी. आलं निझवा! आधी कॉफी. एवढुसा कप, दूध नाही, साखर नाही, सोबत खजूर. मी प्यायले. त्यांनी परत भरला. नको कसं म्हणायचं, म्हणून परत प्यायले. परत भरला! मावशी लांब उभी राहून हसतेय. शेवटी म्हणाली, अगं बये, पुरे झालं की कप हलवायचा असतो. तोपर्यंत माझे कान वाजायला लागलेले. किल्ल्याचा जिना मी चढले नाहीच, उडाले!"

पोरं फिदीफिदी हसली. दोघं नुसतेच हवेतले कप हलवायला लागले.

"पण शाकाहारी मिळतं का?"

स्वानंदीनं नाकानं श्वास घेतला. "मिळतं, आजी. खूप मिळतं."

"आणि मावळे कुठायत?" मागून एकाचं.

"मावळे आज सहलीला आलेत. ते बघ, फाटकापाशी चपला काढतायत." खरोखरच मातीचे चार मावळे तिथं ओळीनं उभे होते. "आता जिना. काळोखा, वळणावळणाचा. प्रत्येक वळणावर दार आणि दाराच्या वर भोक. शत्रू आला की वरून उकळता खजुराचा पाक! कोण होतंय शत्रू?"

सगळेच झाले. स्वानंदीनं वाटीतला कोमट पाक बुरुजाच्या भोकातून सोडला, खाली हातांची ही गर्दी. शत्रू बोटं चाटत पुन्हा रांगेत लागले. कस्तुराबाईंनीही पदर खोचून हात पुढं केला.

"शाकाहारीच आहे," स्वानंदी म्हणाली, आणि स्वतःच खो खो हसत सुटली.

तेवढ्यात बाबा. मुद्दाम, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मॅडम, वाळवंटातल्या बुरुजावर हे गवत कसलं? हे पण खरं का?"

सगळी गल्ली बुरुजाकडं वळली. स्वानंदीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घशाशी आलं होतं, आईला विचारा! तिनं आईकडं पाहिलं. हेमलता झाऱ्याशी चाळा करत होती. आपलं काहीतरी चुकलंय, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"नाही, खरं नाही," स्वानंदी म्हणाली. "खरा बुरूज बोडका आहे. पण जिना संपला की वर उजेडात येतो ना, तेव्हा आधी डोळेच दिपतात. मग कठड्यावरून खाली बघायचं. सगळीकडं खजुराची झाडं! इतकं हिरवं, इतकं हिरवं की त्या डोंगरांनंतर वेड लागतं. मी तिथं ओरडले होते, खुशीनं. ते हिरवं कसं दाखवायचं, मला सुचतच नव्हतं. आईनं दाखवलं."

"म्हणजे मी बरोबरच केलं?" हेमलतेनं लगेच मान वर केली.

"आई, तू आता काही बोलू नकोस, प्लीज!"

"हे ओरडणं झालं का?" कस्तुराबाईंनी बाबांना विचारलं. म्हणजे शर्त गल्लीभर ठाऊक होती!

बाबांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. यंत्र ऐकतात तसं क्षणभर ऐकल्यासारखं केलं. "छे. हा नुसता वाफ सुटल्याचा आवाज. चालतो." आणि त्यांनी फोन काढला. "स्मिता? हां, चंद्रकांत. पोरगी पाठवतोय. पास झाली."

स्वानंदीनं आईला धरून गरागरा फिरवलं, झाऱ्यासकट. पोरांनी आरोळी ठोकली. आणि त्या गोंधळात फाटकाशी रिक्षा थांबली. जुने कानडी शेजारी गुरुप्रसाद अण्णा बायको, मेव्हणी, मुलं असा सगळा बारदाना घेऊन उतरले.

"अक्का, स्वल्प लेट झाला. पहिल्यापासून सांगा की!"

घसा बसलेला, पाक संपत आलेला. बाबा बघत होते. शर्त तर जिंकून झाली होती, आता ओरडलं तरी कोण काय करणार होतं?

"सरी अण्णा, चालेल," स्वानंदी म्हणाली, "बसा गाडीत. मस्कत सोडलंय."