पतंगाला वास येत होता

पतंग मिशीने वास घेतो. त्या मिशीत अगदी बारीक तार टोचली, की आतल्या पेशीचं बोलणं स्पीकरवर ऐकू येतं. वास नसेल तर अधूनमधून एखादं टक्. वास आला, की पत्र्यावर गारा पडाव्यात तशी टकटक. हे ऐकणं माझी नोकरी, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या तापात माझंच नाक गेलेलं. कुणाला सांगितलं नव्हतं. वासाच्या प्रयोगशाळेत बिननाकाची बाई कोण ठेवील? आईलाही नाही. तिने काळजीने माझा जीव खाल्ला असता.

त्या दुपारी आई माझ्याबरोबरच होती. तिचे डोळे तपासून आणले होते, थेंबांमुळे तिला धूसर दिसत होतं. "इथे कसलाही वास आला तरी घाबरू नकोस, आमचा धंदाच तो," असं सांगून मी तिला शेजारच्या चहाच्या खोलीत बसवलं. बाकी सगळे जेवायला गेले होते.

थोड्या वेळाने स्पीकर बोलू लागला. वासाची एकही बाटली मी उघडली नव्हती. विनाकारण टकटक झाली की दोष विजेचा, हा आमचा नियम. एकेक यंत्र बंद करत जायचं. आवाज थांबला की चोर सापडला. मी पंखा बंद केला. पंप बंद केला. दिवा बंद केला. टकटक वाढतच होती.

"गप रे बाबा," मी पतंगाला म्हणाले आणि फ्रीजच्या बटणाकडे हात नेला. नेताना सहज, ठोके उमटतात त्या पडद्याकडे पाहिलं.

विजेचा दोष एका चालीत येतो, अंतर कधी चुकत नाही. इथे ठोके सगळे सारख्या उंचीचे होते, पण अंतर वेडंवाकडं. दोन जवळ, एक लांब, मग झुंबड. यंत्र असं करत नाही, जिवंत पेशी करते. त्याला वास येत होता. मला येत नव्हता.

तीन बटणं मी दाबली होती, आणि वास गॅसचा असेल तर एका ठिणगीने भडका उडाला असता. चौथ्यावर बोट होतं, ते हळूच उचललं.

चहाच्या खोलीत आई नव्हती. शेगडीचा गॅस सूं सूं करत होता. ओट्यावर पाच-सहा काड्या पडलेल्या, गुल घासून गेलेला, एकही पेटलेली नाही. मी गॅस बंद केला, खिडकी ढकलली. इतक्यात मागून आई आली.

"सादळल्या होत्या गं मेल्या. पहारेकऱ्याकडून कोरडी पेटी आणली बघ." आणि तिने काडी काढलीसुद्धा.

मी तिचे दोन्ही हात धरले आणि फरफटत अंगणात नेलं. तिथे मी खालीच बसले.

"वास केव्हाचा येतोय," आई म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या प्रयोगाचा. तुला आला नाही?"

"आठ महिने झाले आई, मला कसलाच वास येत नाही."

पेटी अजून तिच्या मुठीत होती.

"मग रोज घरात शिरताना 'काय घमघमाट सुटलाय' म्हणतेस, ते?"