गैरसमजाची मोजपट्टी

अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून विभागात तिला सगळे टोचणी म्हणत. पीएचडीला तिने विषयही तसाच टोकदार घेतला होता. असामान्य हुशार मुलांबद्दल शिक्षकांच्या मनात किती गैरसमज आहेत, ते तिला मोजायचं होतं.

तिने प्रश्नावली केली आणि शाळाशाळांतून वाटली. ‘हुशार मुलाला शिक्षकाच्या मदतीची गरज नसते’, ‘हुशार मूल अभ्यासात कधी मागे पडत नाही’ अशी विधानं, आणि पुढे सहमत की असहमत ते लिहायचं. गठ्ठे परत आले तेव्हा टोचणीने कपाळाला हात लावला. जवळजवळ सगळ्यांनी सगळं बरोबर लिहिलं होतं.

“मग बरंच झालं की,” मार्गदर्शक सर म्हणाले. “शिक्षकांच्या मनात गैरसमज नाहीत, हाच निष्कर्ष. लिहून टाक आणि मोकळी हो.”

“सर, मग अशी इतकी मुलं मागच्या बाकावर जांभया देत का बसतात?”

“तो तुझा विषय नाही.”

तोच आपला विषय आहे, हे तिला कळत होतं. पण सरांपुढे मांडायला हातात काही नव्हतं. ती तोंड पाडून घरी आली.

घर आत्याचं होतं. आत्याची सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. प्रश्नावली तिनेही भरली होती आणि तीही अगदी बिनचूक. त्या संध्याकाळी दोघी मटार सोलत बसल्या होत्या आणि आत्या वर्गातल्या एका मुलीच्या नावाने बोटं मोडत होती.

“त्या भवानीने आज डोकं उठवलं माझं. गृहपाठाचा पत्ता नाही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी भागाकार शिकवतेय, तर मधेच विचारते, बाई, शून्याने भागलं तर काय होतं? म्हटलं, आधी आठाने भागून दाखव.”

“मग?”

“दाखवलं ना. तोंडी. फळ्याकडे न बघता. माज कसला तो.”

“हुशार मुलांच्या खास वर्गाच्या चाचणीला तिचं नाव दिलंस?”

“तिचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? पहिल्या बाकावरच्या पोरीचं दिलं. काय टापटीप वही असते तिची.”

“पण हुशार मुलं गृहपाठ टाळू शकतात, असं प्रश्नावलीत तूच लिहिलंस.”

“लिहिलंच. ते हुशार मुलांबद्दल होतं,” आत्या शांतपणे म्हणाली. “ही कुठे हुशार आहे?”

टोचणीचा हात शेंगेतच थांबला. मग ती इतकी हसली की मटार घरभर सांडले, आणि आत्याने तिला ते सगळे एकटीला वेचायला लावले.

दुसऱ्या दिवसापासून तिने जुनी विधानं काढून टाकली. त्यांच्या जागी मुलांची वर्णनं आली. एक सतत वाद घालणारा, एक वर्गात अवाक्षर न काढणारी, एक गणितात पुढे पण वाचताना अडखळणारा, एक सगळ्यांची लाडकी, नीटनेटकी. ‘हुशार’ हा शब्द कुठेच नाही. प्रश्न एवढाच की चाचणीला तुम्ही कोणाचं नाव द्याल आणि का.

सरांनी कागद खालीवर केला. “हे काहीतरी मोजतं, हे सिद्ध करावं लागेल. नाही झालं तर वर्ष पाण्यात.”

“सिद्ध करते. ज्या वर्गांत हे शिक्षक शिकवतात, तिथल्या सगळ्या मुलांची चाचणी घेते. नावं दिलेली असोत वा नसोत.”

इथे गाडी अडली. आत्याच्या शाळेतले मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, “म्हणजे आमच्या निवडीवर तुमचा विश्वास नाही.” खुर्च्या करकरल्या, कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात आत्या उठली. “घेऊ द्या की तिला. माझी निवड चुकत नाही, हे तरी एकदाचं कळेल तिला.”

आत्याने असा होकार दिल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. मग इतर शाळाही तयार झाल्या.

निकाल लागला. मोजपट्टीवर ज्यांचे गैरसमज जास्त निघाले, त्यांच्याच वर्गांतली सर्वांत जास्त हुशार मुलं निवडीतून निसटली होती. एकदोन शाळांत नाही, सगळीकडे. आणि आत्याच्या वर्गात पहिली आली ती भवानी, दुसरीला कितीतरी मागे टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोचणी उठायच्या आत आत्या शाळेत गेली आणि मुख्याध्यापकांपुढे उभी राहिली. “खास वर्गाला तिचं नाव माझ्या सहीने जाईल. आणि बाकीचे सुटलेले शोधायला आजच बसू. सगळे जण.” मुख्याध्यापकांनीच खुर्च्या ओढल्या म्हणे.

मौखिक परीक्षेच्या दिवशी सभागृहात टोचणीला वाटलं होतं, चारदोन डोकी असतील. दार उघडलं तर आत्याची अख्खी शाळा येऊन बसलेली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी खोदून खोदून विचारलं. पद्धत, आकडे, चाचणी, सगळं. टोचणी एकेक उत्तर देत गेली.

शेवटी बाईंनी चष्मा काढला. “सकाळी प्रवासात मी तुमचा कागद स्वतः सोडवला,” त्या म्हणाल्या. “न बोलणाऱ्या मुलीचं नाव मी दिलं नाही.” सभागृहात हशा पिकला, त्याही हसल्या. “आमच्या विद्यापीठात शिक्षकांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं. पुढच्या सत्रापासून त्याची सुरुवात ह्या मोजपट्टीने होईल. तुमची परवानगी असेल तर.”

सरांनी आधी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह वाजू लागलं. मागच्या रांगेत आत्या उभी राहून शेजारच्या बाईंना मोठ्याने सांगत होती, “माझी भाची हो ती. सख्ख्या भावाची.”