पेन्सिलीचे दोन ठोके

गप्प बसण्यात जावईबापूंचा फायदा मोठा होता: मुख्य संपादकाची खुर्ची आणि चारचौघांत सासऱ्यांची शाबासकी. तोंड उघडण्यात फायदा शून्य.

इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा कोश सासऱ्यांनी तरुणपणापासून सांभाळला होता. आज निवृत्त होताना शेवटचा खंड ते मोठ्याने वाचणार आणि वाचून संपला की वारस जाहीर करणार, असं ठरलं होतं. रीत जुनीच. ज्याला चूक दिसेल त्याने टेबलावर पेन्सिल दोनदा वाजवायची.

चूक होती, आणि ती सासऱ्यांचीच. ‘सेमिनेरियन’, म्हणजे धर्मशिक्षण घेणारा विद्यार्थी, हा शब्द त्यांनी ‘सेमिनार’वरून आला असं लिहिलं होतं. खरं मूळ लॅटिनमधलं, रोपवाटिकेचं: जिथे धर्माचे सेवक रोपांसारखे वाढवायचे, ती जागा. ‘सेमिनार’ त्याच घराण्यातला, पण इंग्रजीत फार उशिरा आलेला. सासऱ्यांनी शेंडेफळालाच बाप ठरवलं होतं.

सासरे त्या नोंदीवर आले. जावईबापूंच्या मुठीतली पेन्सिल घामाने ओली झाली. शेजारच्या उपसंपादकांनी जांभई दिली. सासऱ्यांनी ओळ वाचली, पान उलटायला बोट ओलं केलं.

ठक, ठक.

पेन्सिल सासऱ्यांच्या मुलीची, म्हणजे जावईबापूंच्या बायकोची होती. पानं जुळवण्याचं काम तिच्याकडे असे. तिने खाली बघतच खरं मूळ सांगितलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“यांनी. सकाळी चहा पिताना.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“जावईबापू, तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो बाबा. पण आज तुमचा दिवस...”

“माझ्या दिवसाचं मी बघितलं असतं. कोशाचं कोण बघणार होतं?”

त्यांनी स्वतःची ओळ लाल पेन्सिलीने खोडली. वर खरं मूळ लिहिलं. मग उरलेली पानं शेवटपर्यंत वाचली आणि खुर्ची उपसंपादकांना दिली. कारण एवढंच सांगितलं, की याला निदान ठाऊक तरी नव्हतं.

आता हिशेब. शब्दाला त्याचं मूळ फुकटात मिळालं. उपसंपादकांना जांभईवर खुर्ची. सासऱ्यांचा तोरा गेला, जावयाची बढती गेली. पण ते दोघे आठवड्याभरात पुन्हा एकमेकांशी बोलू लागले. तिच्याशी मात्र दोघेही बोलेनात. चूक बापाची, मौन नवऱ्याचं, आणि भरपाई सगळी तिच्या खात्यातून.