पस्तिसाव्या किलोमीटरच्या अलीकडे

आमच्या आटपाडीकडच्या गावात पोक्त माणूस पळताना दिसला, की लोकांना दोनच शंका येतात. एक तर मागे कुत्रं लागलंय, नाहीतर कुणीतरी गेलंय. त्यामुळे माझा नवरा सुट्टीला गावी गेला आणि सकाळी चड्डी-बूट घालून डांबरीवरून पळायला लागला, की येणारीजाणारी प्रत्येक मोटारसायकल त्याच्यापाशी थांबायची. "बस गड्या मागं, सोडतो." नको म्हटलं तर माणसं रुसायची. "आमची गाडी चालत न्हाई व्हय तुला?" एकदा तर चुलत दीर नानासोंनी त्याला जबरदस्तीने मागे बसवून घरी आणून टाकलं आणि वर मलाच झापलं, "वहिनी, दारात गाडी असताना माणसाला पळवताय व्हय?"

तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही. पण लिहिताना सारखं 'हे, हे' करत बसले तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून कृष्णात लिहिते. तो साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे आणि मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. पंचेचाळिशीत त्याला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा. हा चालायला गेला आणि पळत घरी आला. आधी कॉलनीला फेऱ्या, मग पोवई नाका, मग यवतेश्वरचा घाट. तिथे त्याला पळणाऱ्यांचा ग्रुप भेटला. ग्रुपच्या चारुशीला मॅडम बँकेत नोकरीला, पण पळण्याच्या बाबतीत हेडमास्तरीणच. त्यांनी वर्षभर त्याला घासून घासून तयार केलं आणि मग त्याने मुंबईच्या मॅरेथॉनला नाव घातलं. अर्धी नाही, पूर्ण. बेचाळीस किलोमीटर.

"अर्धी पळा की," मी म्हटलं. "पोटाला तेवढी बास."

"अर्धं लय झालं आजवर," तो म्हणाला, आणि मी गप्प बसले, कारण मला सगळं माहीत होतं.

आमचं गाव फौजी लोकांचं. घरटी एक माणूस मिलिटरीत. माझे सासरे आकाराम, गावाचे आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावात एक रीत आहे. पोरगा भरती होऊन ट्रेनिंगला निघाला, की मारुतीच्या देवळासमोर आबा स्वतःच्या हाताने त्याला फेटा बांधतात आणि पाठीवर थाप मारून "जा" म्हणतात. आबांच्या हातचा फेटा म्हणजे गावाचं सर्टिफिकेटच. त्याचा एक नियम आहे: फेटा निघालेल्याला बांधायचा, परत आलेल्याला नाही. "परत आल्याव काय, कुणीबी बांधतंय," आबा म्हणतात. "जानाऱ्याच्या डोक्याव बांधलेला खरा."

कृष्णात तीनदा भरतीला गेला. तिन्ही वेळा पळण्यात गेला. वेळ संपली की मागे राहिलेल्यांपुढे दोरी धरतात; शेवटच्या वेळी तर ती त्याच्या नाकासमोर आडवी आली म्हणतात. मग वय उलटलं. धाकटा दीर रविराज पहिल्याच झटक्यात भरती झाला, त्याला आबांनी फेटा बांधला. आमच्या लग्नात कृष्णातला फेटा बांधला तो विट्याहून बोलावलेल्या माणसाने. आबा मांडवात खुर्चीवर बसून बघत होते. मी नवी नवरी, मला वाटलं म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतील. पुढे कळलं की गुडघे चांगले ठणठणीत होते.

आबा वाईट नाहीत. कृष्णातला ते कधी वाकडं बोलले नाहीत. पण पाहुण्यांपुढे ओळख करून देताना "हा रविराज, नायब सुभेदार" आणि "हा थोरला, साताऱ्याला असतोय" असं म्हणायचे. साताऱ्याला तर भाजीवालाही असतो. मला राग यायचा. कृष्णातला यायचा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मॅरेथॉनची बातमी गावात गेली आणि नानासोंच्या अंगात आलं. आपल्या गावचा गडी मुंबईत पळणार! त्यांनी ट्रॅव्हलर ठरवली, हलगीवाला घेतला, आणि पळायच्या आधीच अभिनंदनाचा फ्लेक्स चौकात लावला. त्यावर कृष्णातपेक्षा नानासोंचाच फोटो मोठा होता. गाडीत कोण कोण येणार ते सांगताना ते सहज म्हणाले, "आबाबी येनार हायती."

कृष्णातच्या हातातला घास हातातच राहिला. "आबा? कशाला?"

"बघायला. म्हनलं, न्यायचंच."

त्या दिवसापासून माणूस बदलला. गोड बंद, तेलकट बंद. घाटातून परत आला की बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसायचा. डावी पोटरी अधूनमधून धरायची, ते मात्र त्याने मॅडमना सांगितलं नाही. मी सांगते म्हटलं तर माझ्यापुढे हात जोडले. नवरा हात जोडायला लागला की बाईमाणूस काय करणार? गप्प बसले.

मॅडमनी मला वेगळं बोलावून एकच गोष्ट बजावली. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेला रस्ता बंद करतात. मागे राहिलेल्यांना बसमध्ये बसवून नेतात, मेडल मिळत नाही. "कृष्णातना पस्तिसावं किलोमीटर धोक्याचं आहे. ते वेळेत पार झाले की पुढे चालत गेले तरी पूर्ण होईल. पस्तीसच्या आधी त्यांना थांबू देऊ नका. पाणीसुद्धा चालता चालता प्यायला द्या." हे मी गाडीतल्या सगळ्यांना पढवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नानासो म्हणाले, "वहिनी, आपला गडी कशाला मागं ऱ्हातोय?"

कृष्णात ग्रुपबरोबर आदल्या दिवशीच गेला होता. आम्ही मुंबईत पोचलो तोवर पळणारे कधीच सुटले होते. शेवटच्या टप्प्यात आत सोडत नाहीत असं कळल्यावर आम्ही पस्तिसाव्याच्या थोडं अलीकडे, एका वळणाआधी रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. हलगी सुरू झाली. मुंबईची माणसं थांबून आमचे व्हिडिओ काढायला लागली. पळत येणाऱ्या प्रत्येकाला आमची माणसं "चला, चला, आलं की!" म्हणून ओरडत होती. मला बरं वाटत होतं. मोबाईलवर कृष्णातचा ठिपका पुढे सरकताना दिसत होता. मग तो हळू झाला. मग फारच हळू झाला.

दिसला तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. तोंडावर घामाचं मीठ फुटलेलं, डावा पाय ओढत, पण पळतच होता. मी घड्याळ बघितलं. वेळ होती. थोडी होती, पण होती. मी पाण्याची बाटली उघडून तयार राहिले आणि ओरडले, "थांबू नका! अजिबात थांबू नका!"

तेवढ्यात आबा रस्त्यात उतरले.

त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी फेट्याचं केशरी कापड काढलं. नानासोंना माहीत होतं. सगळ्या गाडीला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण वहिनींनाही आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे.

"आबा, आत्ता नको!" मी ओरडले. हलगीत माझा आवाज कुणाला जातोय? मी नानासोंचा दंड धरला. "भाऊजी, वेळ संपतीय, त्यांना जाऊ द्या!" तर ते हसत म्हणाले, "आवं, दोन मिंटाचं काम हाय. गेली वीस वरीस गाव वाट बघतंय ह्या फेट्याची." ड्युटीवरची एक पोरगी "काका, बाजूला व्हा, प्लीज" म्हणत आली, तिलाही त्यांनी "ताई, आमच्यात रीत असती" म्हणून गप्प केलं. दुसरी कुणी असती तर म्हाताऱ्याचा हात धरून ओढलं असतं. पण सासऱ्याचा हात भर रस्त्यात कशी ओढू? मी सून. आणि खरं सांगायचं तर, ते कापड बघून क्षणभर मीही घड्याळ विसरले होते.

कृष्णात थांबला. आबांपुढे उभा राहिला. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग त्याने मान खाली घातली.

आबांचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. थरथरतात. आणि पोरगा बापापेक्षा हातभर उंच. आबा टाचा उंचावून बांधत होते. एक पेड बसला, दुसरा सुटला. त्यांनी तो पुन्हा उलगडून पहिल्यापासून घेतला, कारण वेडावाकडा फेटा त्यांनी आयुष्यात कुणाला बांधला नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. कृष्णातची डावी पोटरी चड्डीखाली आपोआप उडत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. आबांचा, नानासोंचा, हलगीवाल्याचा, आणि सगळ्यात जास्त मान खाली घालून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा. आणि मी पाण्याची बाटली धरून नुसती उभी होते.

शेवटी तुरा निघाला. आबांनी पाठीवर थाप मारली. "जा."

पण उभं राहून पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तो पळायला गेला आणि जागच्या जागी लंगडला. मग फेटा सावरत चालत चालत वळणाआड गेला. मी चपला हातात घेऊन त्याच्या मागे पळाले. वळण ओलांडलं तर रस्त्यात दोरी आडवी धरलेली. दोरीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर चार-पाच जण पळत जाताना दिसत होते. ते सुटले होते. टी-शर्टवाला एक जण कृष्णातला समजावत होता, "सर, रस्ता उघडायचाय, ट्रॅफिक सोडायचंय." कृष्णात त्याच्याशी भांडला नाही. मुकाट बसमध्ये चढला. खिडकीत नुसता फेटा दिसत होता.

दुपारी तो गाडीपाशी आला तेव्हा आमच्या लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. नानासोंनी गावच्या ग्रुपवर केव्हाच टाकलं होतं: मोहीम फत्ते. मी तोंड उघडलं, तर कृष्णातने माझा हात दाबला. मी पुन्हा गप्प. त्या दिवसात मी जितक्या वेळा गप्प बसले, तितकी अख्ख्या संसारात बसले नसेन.

शिरवळच्या पुढे चहाला गाडी थांबली. सगळे मिसळ खायला उतरले. कृष्णातला पाय उचलवत नव्हते, म्हणून तो मागच्या बाकावर पाय लांब करून तसाच पडून राहिला. मी त्याच्याजवळ थांबले. आबाही उतरले नाहीत.

गाडी रिकामी झाली तसे आबा म्हणाले, "मेडल कुटं हाय?"

"पोस्टानं येतंय," कृष्णात म्हणाला.

"फौजेत आमची क्रॉस कंट्री असायची. मागं पडल्याली पोरं उचलाय पाठीमागनं थ्री टनाची गाडी यायची." आबा समोर बघत होते. "मी सूनबाईच्या मागनं आलो हुतो वळनापातूर. बघितली ती गाडी."

मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण मला रडायचं नव्हतं.

"माज्यामुळं झालं न्हवं?"

"न्हाई आबा. पाय गेलं हुतं."

"लबाड बोलू नगंस. आबा, मागनं बांधा, पळून झाल्याव, असं म्हनायचं की रं. तोंड न्हवतं व्हय?"

"मागनं बांधला असता तुमी?"

खोटं बोलायची आबांना सवय नाही. "न्हाई," ते म्हणाले.

बाहेर नानासो कुणाला तरी फोनवर मोठ्याने सगळी हकिकत सांगत होते. आबांनी घसा खाकरला.

"मग खाली तरी बसायचं. बसल्याल्या मानसाला लगीच बांधून हुतोय. उभ्याला हात पुरंना माजा."

"बसलो असतो तर उठलो नसतो, आबा."

आबा जागेवरून उठले. बाकाला धरत धरत मागे आले आणि त्याच्या पायाशी गाडीच्या तळावर बसले. त्याचा डावा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि थरथरत्या हातांनी पोटरी चोळायला लागले.

"आबा, नगा, पायाला हात नगा लावू," कृष्णात कळवळून म्हणाला. त्याला पाय मागे घ्यायचे होते, पण ते मागे येत नव्हते.