घोड्याला मुक्काम, लेकीला जीप

“ए म्हाताऱ्या, तुला इथे वर धाप का लागत नाही रे?”

नारिस्तेने माझ्या कानात तोंड घालून हा प्रश्न विचारला. खाली बिश्केक शहरात ती शिकते, तिथल्या शाळेतल्या मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, की घरी गेलीस की तुमच्या त्या केसाळ याकला हे विचारायचं आणि त्याचा व्हिडिओ आणायचा. पोरीने इमानेइतबारे विचारलं, आणि लगेच स्वतःच खोकायला लागली. तो खोकला मला मुळीच आवडला नाही. पण याकला कोण विचारतंय?

तर मित्रांनो, मी एक जुना याक आहे. माझं नाव कारा-बाश, म्हणजे काळ्या डोक्याचा. चोन-तोरच्या उंच कुरणावर, ऐन बर्फात माझा जन्म झाला. नारिस्तेच्या आईने, बुबुसाराने, मला आपल्या कोटात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं होतं. पुढे माझ्या नाकात दोरी आली आणि पाठीवर सगळं घर आलं. तंबूच्या काठ्या, लोकरीचे नमदे, सरपण, सगळं मीच वाहिलं. तेव्हा माझं कौतुक व्हायचं. मग जीप आली आणि मी ‘तो म्हातारा’ झालो. कामापुरता मामा, दुसरं काय!

आता त्या प्रश्नाचं उत्तर. माझी छाती रुंद, फुप्फुसं मोठी, काळीजही मोठं. वरची हवा विरळ असते. ती लागली की इतरांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळून बसतात, माझ्या तशा आवळत नाहीत. यात माझी मर्दुमकी काही नाही. माझ्या खापरपणज्यांनी पिढ्यान् पिढ्या इथेच जन्म काढला, त्यांची ही देणगी. बाकीच्यांना मात्र वेळ द्यावा लागतो. विरळ हवेचा जो त्रास होतो, त्याला आमच्याकडे तुतेक म्हणतात.

आणि हे आमच्या माणसांना कळत नाही असं थोडंच आहे! नारिस्तेचे वडील ओमोर्झाक खालच्या बाजारातून घोडा आणतात, तेव्हा त्याला कधीच थेट वर चढवत नाहीत. अर्ध्या वाटेवर ओर्तो-साय नावाचं कुरण आहे, तिथे त्याला सोडतात. तो चरतो, लोळतो, त्याचा श्वास जमतो, मगच त्याला वर आणतात. आजोबा-पणजोबांपासूनची ही रीत आहे. या उन्हाळ्यातही त्यांनी एक लाल घोडा घेतला आणि रीतीप्रमाणे ओर्तो-सायला ठेवला.

आणि त्याच आठवड्यात पोटच्या पोरीला भाड्याच्या जीपमध्ये घालून सकाळी बिश्केकहून निघाले, ते संध्याकाळी थेट चोन-तोरला! मित्रांनो, मला राग येणार नाही तर काय होईल?

दुसऱ्या दिवशी नारिस्ते दूध काढायला बसली आणि मध्येच उठून गेली. दोन पावलं चालून थांबायची. ओठ निळसर दिसायला लागले होते. शेजारच्या तंबूतली काल्बू एझे, म्हणजे काल्बूताई, हसून म्हणाली, “शहराचं पाणी लागलंय हो बुबुसारा तुझ्या लेकीला. बादली उचलवत नाही.”

बुबुसाराने लेकीला धापेवर उपाय म्हणून लसूण खायला दिला आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, तिला तुतेक तर नाही ना लागला?”

“काहीतरीच काय! तुतेक पाहुण्यांना लागतो. ही इथे जन्मलीय.”

जन्मलीय! अहो, शरीर जन्मदाखला बघत नाही. वर्षभर खालच्या दाट हवेत राहिलं की ते वरचा धडा विसरतं. मग पुन्हा एकदम वर आणलं, तर फुप्फुसांत पाणी भरतं. डोंगरातल्या लेकरांनाही हे होतं. मी खुंट्याला हिसके दिले, गुरगुरलो. काल्बू एझेने माझ्याकडे बघून काय म्हणावं? “याला मीठ द्या, माजलाय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी नारिस्तेच्या खोकल्यातून गुलाबी फेस आला. आडवं पडलं की गुदमरायचं, म्हणून ती माझ्या पाठीला टेकून बसली होती. तिच्या छातीतली बुडबुड मला माझ्या बरगड्यांत जाणवत होती.

“बाबा,” ती एकेक शब्द तोडत म्हणाली, “लाल घोडा कुठाय?”

“ओर्तो-सायला, बाळा. त्याला श्वास जमवू दे, मग बसशील त्याच्यावर.”

“आणि... मला?”

 ओमोर्झाकनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माझी नाकदोरी सोडली.  जीप तर परत गेली होती. उरलो कोण? म्हातारा!

पोरीला माझ्या पाठीवर बसवून, तिला मागून धरून बुबुसाराही बसली. एवढं वजन मी कित्येक वर्षांत उचललं नव्हतं. उतारावर माझे गुडघे करकरत होते, पण मी एकदाही पाय चुकवला नाही. ओर्तो-सायला थांबलो नाही, अजून खाली गावातल्या दवाखान्यापर्यंत गेलो. तिथली हवा मला सोसत नाही. मला धड घाम येत नाही. जीभ बाहेर काढून मी धापा टाकत होतो, आणि नारिस्तेचा श्वास मात्र लांब होत चालला होता.

दवाखान्यातल्या बाईंनी तिला प्राणवायू लावला आणि म्हणाल्या, “खाली आणलंत म्हणून वाचली. आजचा दिवस वर काढला असता तर...”

मी बाहेर उन्हात बांधलेला. पाणी द्यायची कोणाला आठवण झाली नाही. आणि वर चोन-तोरला बातमी काय पोचली? लसणाने गुण आला!

जाऊ दे. मला कौतुक नको. पण मित्रांनो, जनावराला जी माया दाखवता, ती आपल्या लेकरालाही दाखवा. ‘आमचा वाघ आहे’ म्हणून त्याला डोंगरावर फेकू नका. धाप लागली तर त्याला हसू नका, खाली उतरवा. आणि उतरवणाऱ्याला बादलीभर पाणी पाजा.

नारिस्ते बरी झाली आणि ओर्तो-सायला घोडे राखणाऱ्यांच्या तंबूत राहायला आली. मलाही तिथल्या गारव्यात बांधलं होतं. काही दिवसांनी तिचे आईवडील जीप घेऊन हजर. ती वाचली म्हणून चोन-तोरला मेजवानी ठरली होती, मेंढी कापली होती, पाहुणे खोळंबले होते.

“चल गं,” ओमोर्झाक म्हणाले, “तुझ्यासाठीच तर आहे सगळं. तासाभरात पोचू.”

मी कान टवकारले. आता काय म्हणावं या माणसाला?

नारिस्ते लाल घोड्याला खरारा करत होती. आधी तिने माझ्यापुढे पाण्याची बादली आणून ठेवली, मग हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली.

“आई, बाबा, मेजवानी तुम्ही खा. हा घोडा ज्या दिवशी वर चढेल त्या दिवशी मी चढेन, दवाखान्यातल्या बाईंना विचारून आणि माझ्या पायांनी. आणि पुढच्या उन्हाळ्यात मी इथे वाटेवरच तंबू टाकणार आहे. कोणाचंही पोर जीपमधून थेट वर निघालं, तर आधी इथे उतरेल. तुमची जीप असली तरी.”