दाराआडचा पुकारा

"आजपासून वर्ष संपेपर्यंत पुकारा आतूनच करायचा," अधीक्षक म्हणाले. समोरच्या तक्त्यात पेन्सिलने खुणा करता करता त्यांनी मानही वर केली नाही. "दार लावून. व्हरांड्यात रंगकाम चाललंय, वास आत येतो. मॅडमना त्रास होतो."

कर्णेबाई टेबलासमोरून हलल्या नाहीत. "आतून पुकारलं तर बाहेरच्याला ऐकू कसं जायचं, साहेब?"

"तुमचा आवाज कधीपासून भिंतीला अडायला लागला?" अधीक्षक हसले आणि पुन्हा तक्त्यात शिरले.

कर्णे हे काही बाईंचं आडनाव नव्हे. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा गेला. तो याच कोर्टात ड्रायव्हर होता, म्हणून त्याच्या जागी बाईंना पुकारा करणारी शिपाई म्हणून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी व्हरांड्यात उभं राहून नाव पुकारलं, तेव्हा फाटकाशी चहा पिणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या हातातली बशी हिंदकळली. "अरे, हा कर्णा कुणी बसवला इथे?" तो म्हणाला आणि तेच नाव चिकटलं. नवे वकील तर ते खरं आडनावच समजून चालत. बाईंनी आधी राग धरला, मग सोडून दिला आणि पुढे पुढे मनातल्या मनात त्याचा अभिमानच धरला.

आवाज नुसता मोठा असून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कोण जिन्याखाली बसतो, कोण फाटकाशी बिडी ओढायला जातो, कुणाला कमी ऐकू येतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. नाव पुकारायचं ते त्या माणसाच्या दिशेला तोंड करून. तीनदा पुकारूनही कोणी आलं नाही तर फायलीवर एक ओळ पडते: 'गैरहजर, सबब प्रकरण निकाली.' माणसाची दहा-बारा वर्षं त्या एका ओळीत संपतात. म्हणून बाई तिसरा पुकारा करायच्या आधी कधी दम खाण्याचं निमित्त करायच्या, कधी पदर सावरायच्या. तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत यायचं.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. वर्षअखेरीचा अहवाल वर जायचा होता. आदल्या वर्षी सगळ्या विभागात हे कोर्ट तळाला होतं आणि त्यापायी आधीचे न्यायाधीश कुठल्या कुठे बदलून गेले होते. नव्या मॅडम तरुण होत्या, कामाला चोख होत्या आणि धास्तावलेल्या होत्या. अधीक्षकांच्या तक्त्यात पाच वर्षांपुढची एकशे चौसष्ट प्रकरणं होती. ती शंभराच्या आत आणायची होती आणि हातात चार दिवस होते.

त्या दिवशी बोर्डावर सगळी जुनीच प्रकरणं लागली. दार लागलं. बाई आत उभ्या राहून लाकडी फळीकडे तोंड करून नावं घेऊ लागल्या. एक, दोन, तीन. कोणी येत नव्हतं. मॅडम फायलीतून मान वर न काढता सांगायच्या, स्टेनो टाईप करायचा, अधीक्षक फाईल उचलून डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवायचे. ज्यांचे वकील आधीच आत बसलेले होते, तेवढे वाचले. बाकीच्यांचा गठ्ठा जेवणाच्या सुट्टीपर्यंत कमरेइतका झाला.

सत्तेचाळिसाव्या नंबरला बाई थांबल्या. ते भिंगवाल्या काकांचं प्रकरण होतं.

काका एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. बावीस वर्षं नोकरी झाल्यावर एक दिवस कपाटातलं सूक्ष्मदर्शक यंत्र नाहीसं झालं. किल्ली दोघांकडे असायची, पण दुसरी किल्ली होती मुख्याध्यापकांच्या मेव्हण्याकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं काकांना काढून टाकलं. बारा वर्षं ते कोर्टात येत होते. कोर्टातल्या टवाळांनी त्यांचं नाव भिंगवाले पाडलं होतं. परत कामावर जाण्याचं वयही आता उलटून गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा वकील वारला, तेव्हापासून ते स्वतःच उभे राहत. कोणी विचारलं तर म्हणत, "नोकरी नको मला. मी चोर नव्हतो, एवढं कागदावर लिहून द्या." त्यांना वरचेवर लघवीला जावं लागे, म्हणून ते व्हरांड्याच्या पार टोकाला, मुतारीजवळच्या बाकावर बसत. त्यांचं नाव बाई नेहमी त्या टोकाकडे फेकायच्या.

बाईंचा हात कडीकडे गेला.

"बाई," अधीक्षक हळूच म्हणाले, "दार कशाला? पुढे चला."

बाईंनी नाव पुकारलं. एकदा, दोनदा. पदर सावरला. तिसऱ्यांदा पुकारलं. आपलाच आवाज फळीवर आपटून तोंडावर परत येतोय असं त्यांना वाटलं.

"गैरहजर," मॅडम म्हणाल्या.

सुट्टी झाल्यावर बाई सगळ्यात आधी बाहेर पडल्या. टोकाच्या बाकावर काका बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत फाईल, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"आज फार वेळ लागला हो, बाई," ते म्हणाले. "माझा नंबर दुपारनंतर का?"

बाई बाकावर टेकल्या आणि जे झालं ते त्यांनी सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"पण मी तर इथेच होतो ना?"

बाई तशाच उठल्या आणि थेट अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. अधीक्षक डबा उघडत होते.

"तो माणूस बाहेर बसलाय, साहेब. सकाळी साडेदहापासून."

"मग आत येऊन बसायचं."

"आत बसायला जागा कुठे आहे? नावं पुकारली की यायचं, असंच तर आपण सांगतो सगळ्यांना."

"बाई, बसा जरा. पाणी घ्या." अधीक्षक चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत आणि बाईंना त्याचीच जास्त चीड यायची. "कुणाचं काही बुडालेलं नाही. तीस दिवसांत अर्ज करायचा, आजारी होतो म्हणून लिहायचं, प्रकरण परत उभं राहतं. तेव्हा ते नव्या वर्षात मोजलं जाईल. यांचंही काम झालं, आपलंही झालं."

"आणि ज्यांना हे ठाऊकच नाही त्यांचं?"

अधीक्षकांनी डब्याचं झाकण पुसलं. "तुमच्या रिटायरमेंटला किती राहिलीत? दोन वर्षं ना? सुखाने जा."

अर्ज त्याच दुपारी लिहायला घेतला. खाली टंकलेखक बसतो, त्याच्याकडे छापील नमुना तयारच होता. 'मी आजारी असल्याने' एवढं छापलेलं आणि पुढे तारखेची मोकळी जागा. काकांनी नमुना वाचला आणि परत दिला.

"मी आजारी नव्हतो."

"सगळे हेच लिहितात, काका," टंकलेखक म्हणाला. "कुणी तपासत नाही."

"म्हणूनच नको. खोटेपणाचा डाग पुसायला मी बारा वर्षं येतोय. तो पुसायला खोटंच लिहू?"

त्यांनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. मी हजर होतो, बाकावर होतो, दार बंद होतं, पुकारा ऐकू आला नाही. अक्षर बारीक, सरळ रेषेत. टंकलेखकाने तो वाचून बाईंकडे पाहिलं. हे खरं की खोटं, ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते त्याच्यासमोर उभं होतं.

संध्याकाळी बाईंची मुलगी दवाखान्यातल्या ड्यूटीवरून आली, तेव्हा घरात आई भांडी आपटत होती. मुलगी नर्स होती. कुठलं दुखणं किती खोल, हे तिला आवाजावरून कळायचं. तिने आईच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि सगळं ऐकलं.

"आई, कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. पण विचारलं नाही तर आपण होऊन सांगायला जाऊ नकोस. एवढं पुरे आहे."

"मला कोण विचारणार? सव्वीस वर्षांत मला कुणी काही विचारलंय?"

"मग सुटलीस."

"सुटले कुठे?" बाई म्हणाल्या. "अधीक्षकांनी नुसतं सांगितलं. मॅडमनी नुसतं लिहिलं. तोंड माझं वापरलं त्यांनी. त्या माणसाला गैरहजर मी केलं, माझ्या तोंडाने."

मुलीने पातेलं घासायला घेतलं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी काकांचा अर्ज लागला. अहवाल तोवर वर गेला होता. दार पुन्हा उघडं ठेवलेलं होतं. बाईंनी व्हरांड्यात उभं राहून टोकाकडे तोंड करून नाव पुकारलं. काका आले, हात जोडून उभे राहिले. मॅडमनी अर्ज वाचला. त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"तुम्ही हजर होता, याला पुरावा काय?"

"मी होतो," काका म्हणाले. "दुसरा काय पुरावा देऊ?"

मॅडमनी अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी खिडकीकडे पाहिलं. बाईंकडे कुणीच पाहिलं नाही.

"मॅडम, मी सांगते," बाई दारातून म्हणाल्या. आवाज त्यांना बेताचा काढता येत नसे. सगळ्या खोलीने मान वळवली. "मी बाहेर पुकारलंच नाही. दार लावून आत पुकारलं. तसं मला सांगितलं होतं. आणि हे एकटे नाहीत. त्या दिवशी बासष्ट माणसं अशीच गेली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही, मॅडम. कुणी विचारत नाही म्हणून सांगितलं."

मॅडमच्या चेहऱ्यावर रंग चढला आणि उतरला. काहीतरी बोलावं असं क्षणभर त्यांना वाटलं असावं. पण त्या म्हणाल्या, "अर्ज मंजूर," आणि पुढचं त्यांनी स्टेनोला इतक्या हळू सांगितलं की दारापर्यंत काही पोचलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी दोन कागद निघाले. एक बाईंच्या बदलीचा, तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. "तिथे बोलायचं काम नाही, घशाला आराम," अधीक्षक म्हणाले. दुसरा कागद काकांच्या अर्जावरच्या निकालाची नक्कल. ती घेऊन काका कठडा धरत धरत तळघरात उतरले. बाई तिथे जुन्या फायलींना नाडी बांधत बसल्या होत्या.

"वाचा," काका म्हणाले.

बाईंनी नक्कल दिव्याखाली धरली. 'अर्जदार आजारी असल्याने पुकाऱ्याच्या वेळी गैरहजर होता, ही बाब विचारात घेऊन प्रकरण पुन्हा दाखल करण्यात येत आहे.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. भर कोर्टात, सगळ्यांच्या देखत सांगितलेलं होतं, तरी कागदावर त्यातलं अक्षर नव्हतं. खरं लिहिलं असतं तर बाकीच्या एकसष्टांचं काय, असा प्रश्न आला असता. त्यापेक्षा एका म्हाताऱ्याला आजारी पाडणं सोपं.

राग गिळून त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, काका. केस तर परत उभी राहिली. एका शब्दाला काय धरून बसायचं?"

"बावीस वर्षं मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होतो, बाई," काका म्हणाले. "आत एक आणि चिठ्ठीवर दुसरं असलं की पोरांचे हात भाजतात, डोळे जातात. एकच शब्द असतो तोही."

त्यांनी पिशवीतून दुसरा अर्ज काढला. आजारी हा शब्द वगळून हजर असे लिहावे, एवढीच विनंती. खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती. त्यांनी सही मागितली नाही, कागद फक्त टेबलावर ठेवला. बाईंनी पेन घेतलं आणि सही केली.

काका वर गेले. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने त्यांना तीन महिन्यांनंतरची तारीख दिली, असं बाईंना नंतर कळलं.

इकडे बाई परत आपल्या कामाला बसल्या. नाडीचं रीळ पुढ्यात होतं आणि बांधायच्या फायलींचा गठ्ठा शेजारी. सगळ्यात वरची फाईल त्यांनी ओढली. पहिल्या पानावर तोच दिनांक होता, बंद दाराचा. तिच्याखालची उघडली. तोच दिनांक. गठ्ठा त्या दिवसाचाच होता. प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर माणसाचं नाव होतं आणि नावाखाली पुरता पत्ता.

बाई उठल्या, पोस्टात जाऊन कार्डांचा जुडगा घेऊन आल्या. साध्या भाषेत लिहायला बसल्या: तुमचं प्रकरण अमुक तारखेला निकाली निघालं. त्या दिवशी तुम्ही कोर्टात होता का? असाल तर अर्ज करा. आजारी होतो असं लिहू नका, आलो होतो असं लिहा. साक्ष मी देईन.

अक्षर त्यांचं वाईट होतं, म्हणून मोठं काढावं लागत होतं आणि एका कार्डाला वेळ लागत होता. कोर्ट सुटायची घंटा झाली तेव्हा अकरा कार्डं लिहून झाली होती. मुदतीचे वीस दिवस उरले होते. बाईंनी बारावं कार्ड पुढ्यात घेतलं.