गॅलरीतल्या उन्हाचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या गॅलरीच्या गजाला मला तारेने बांधले आहे. गॅलरीत थेट ऊन आले की आतल्या खोलीत घंटी वाजवायची, एवढेच माझे काम.

मला साधनाताईंनी बनवले. त्या घरी बसून सर्किट दुरुस्त करतात. त्यांच्या आई भागुबाई जन्मभर झेंडूच्या मळ्यात राबल्या आणि अर्धांगवायूने खाटेला खिळल्या. "आलं का गं ऊन?" असे त्या सारखे विचारत. ताई हातातले काम टाकून बघायला उठत.

आधी मला एकच डोळा होता. ढगाळ उजेडालाही मी फसायचो. घंटी ऐकून ताई आईंना चाकांच्या खुर्चीतून बाहेर आणत आणि बाहेर ऊन नसे. मी फार वरमायचो. मग ताईंनी मला दुसरा डोळा दिला आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्ये पत्र्याची पट्टी उभी केली. थेट ऊन आले की पट्टीची सावली एका डोळ्यावर पडते आणि तेव्हाच मी घंटी वाजवतो. ढगाळ उजेडात दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते. त्यानंतर मी कधी चुकलो नाही.

"लय गुणाचं हाय हे," भागुबाई म्हणायच्या. मी फुगून जायचो!

पुढे समोर उंच इमारत उभी राहू लागली. माझी घंटी कमी कमी होत गेली आणि एके दिवशी थांबली. ताईंनी मला उघडले, तारा नव्याने सोल्डर केल्या. तरी मी गप्पच. शेवटी त्यांनी मला घंटीसकट गच्चीवर नेले, तर मी लगेच खणखणलो. ताई तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. बिघाड माझ्यात नव्हता.

आता रोज सकाळी ताई स्वतःच घंटीचे बटण दाबतात. "आई, ऊन आलं."

खुर्ची गॅलरीत येते. भागुबाई आपला चांगला हात गार गजावर ठेवतात. मग म्हणतात, "लय छान ऊन हाय, पोरी."

ताई मान फिरवतात. माझ्या दोन्ही डोळ्यांना तेव्हा सारखेच दिसत असते. ती खोटी घंटी ऐकताना मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण मोठे होऊन इमारती बांधाल, तेव्हा आधी समोरच्या गॅलरीत जरा बसून बघा. तिथे कुणीतरी उन्हाची वाट बघत असेल.